हुरियाचा हिस्सा

जून, म्हणजे आमचा हिवाळा, लागला आणि वारा समुद्राकडून फिरला. पहिले काही दिवस नुसतं धुकंच होतं. पिरिपी सकाळी उठून ओट्यावर यायचा, डोंगराच्या दिशेला बघायचा, आणि डोंगर दिसला नाही की आत जाऊन चहाचं आधण ठेवायचा. मग पाऊस सुरू झाला. फार जोराचा नाही, पण थांबायचं नाव नाही. पत्र्यावर एकच आवाज दिवसभर. दोन दिवसांनी तो आवाज कानाला कळेनासा झाला.

वाइतोरे नदीच्या वळणावर त्याचं घर. घरात तो आणि त्याची मुलगी नायो. बायको फार आधीच गेलेली. घरामागून डोंगर चढायला लागायचा तो थेट कड्यापर्यंत, आणि तो सगळा डोंगर म्हणजे वरचं रान. रान एकट्या पिरिपीचं नव्हतं. आमच्याकडे कुठलंच रान एकट्याचं नसतं. कागदावर शेकड्यांनी हिस्सेदार, त्यातले निम्मे मेलेले, उरलेल्यांतले निम्मे ऑस्ट्रेलियात. कारभार ट्रस्टकडे. ट्रस्टकडून पिरिपीनं ते खंडानं घेतलं होतं आणि त्यावर गाई सांभाळल्या होत्या. त्याच्या बापाच्या वेळेला हेच रान दूरच्या कचेरीतून चालायचं आणि बाहेरच्या माणसाला दिलेलं असायचं. बाप आपल्याच रानात मजुरीनं कुंपणाचे खांब ठोकायचा. रान आमच्या हातात परत आलं तेव्हा बाप नव्हता. पिरिपीनं पहिल्या दिवशी गाई वर सोडल्या आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिला, असं लोक सांगतात.

आता खंडाची मुदत महिनाअखेर संपत होती. पाइनची झाडं लावणाऱ्या एका कंपनीनं रान मागितलं होतं. शेवटच्या शनिवारी मराएवर, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या सभाघरात, हिस्सेदार बसणार होते.

रोंगो त्या पावसात चहाला आला. रोंगो ट्रस्टचा म्होरक्या, पिरिपीचा चुलतभाऊ. दारात गमबूट काढले, मोजे पिळले आणि शेगडीजवळ पाय पसरून बसला.

"कसं आहे वर?" त्यानं विचारलं.

"ओलं आहे," पिरिपी म्हणाला.

"ते मला खालूनही दिसतंय."

नायो कोपऱ्यात पक्कडीनं गंजलेल्या तारेची टोकं सरळ करत होती. तिशीतली बाई, बापासारखी रुंद खांद्याची. ती हसली. बाप हसला नाही.

रोंगो म्हणाला, "सरळच सांगतो. मी मोजून बघितलंय. मत हिश्श्याप्रमाणे पडणार. ऑस्ट्रेलियातली पोरं झाडांकडे झुकलीत. त्यांना इथं यायचं नाही, गाई बघायच्या नाहीत. तुझ्या एकट्याच्या हिश्श्यानं काही व्हायचं नाही. तुझ्या आईचा हिस्सा मोठा. तो अजून तिच्याच नावावर आहे."

"माहीत आहे."

"मेलेल्या माणसाला हात वर करता येत नाही, पिरी."

"माहीत आहे म्हणलं ना."

"जमीन न्यायालयाच्या मागच्या बैठकीला जज्जबाई काय म्हणाल्या?"

"वारस किती, म्हणाल्या. मी म्हणलं दोन. दुसरा कुठं आहे, म्हणाल्या. म्हणलं, बहीण, पर्थला असते. तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाव चढवणार नाही म्हणाल्या."

"मग? फोन केलास हुरियाला?"

पिरिपीनं तळलेला पाव चहात बुडवला. तो मऊ होऊन तुटला आणि कपात पडला. त्यानं तो चमच्यानं काढून खाल्ला.

रोंगो नायोकडे वळून म्हणाला, "तुझ्या बापाला वळू ओढून आणायला सांग, आणेल. फोन करायला सांगितला की याचे हात गळतात."

हुरिया पिरिपीची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती पर्थहून निघाली होती. तांगीला, म्हणजे मढ्याभोवतीच्या बसणीला, सगळं खोरं जमलं होतं. तिचं विमान कुठंतरी अडकलं. आकाश भरून आलेलं, दफनाच्या टेकडीवर जायची वाट शाडूची, एकदा भिजली की पेटी खांद्यावर घेऊन चढता येत नाही. पिरिपी म्हणाला, आता उचलू या. हुरिया आली तेव्हा मातीवर फुलं ठेवून झाली होती, लोक जेवत होते. ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी परत गेली. त्यानंतर दोघांत बोलणं नव्हतं.

घरात फोन लागत नसे. पिरिपी पिकअप घेऊन वरच्या वळणावर गेला, तिथं लागायचा. काचेवर पाणी वाहत होतं. बराच वेळ तो फोन मांडीवर ठेवून बसला. मग लावला.

"कोण गेलं?" हुरियानं पहिल्यांदा हेच विचारलं.

"कुणी नाही."

"मग फोन कसा केलास?"

त्यानं सांगितलं. रान, मुदत, आईचा हिस्सा, जज्जबाई. सांगताना त्याचा आवाज बैलाच्या दलालाशी बोलावा तसा कोरडा होता. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. ती एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होती.

"तुझं तिथून फोनवरनं बोलून भागेल म्हणतात," तो म्हणाला. "यायची गरज नाही."

"गरज नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "येते मी. यावेळी थांबशील ना?"

फोन तिनंच ठेवला.

ती आली त्या दिवशी रस्ता तुटलेला होता. शहराकडून येणारी गाडी दरडीपर्यंत यायची आणि माणसं चिखलातून चालत अलीकडे यायची. नायो चारचाकी बाइक घेऊन गेली. आत्या दिसली ती अशी, गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात बॅग, एका हातात बूट, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली.

"नायो का तू?"

"हो, आत्या."

"बापावर गेलीस. देव तुझं भलं करो."

आमच्या रीतीनं नाकाला नाक लावून दोघी क्षणभर उभ्या राहिल्या. मग हुरिया बाइकवर मागं बसली.

"घरी?" नायोनं विचारलं.

"आधी आईकडे."

दफनाची टेकडी घराच्या वर, कुंपण घातलेली. वाट निसरडी. नायोनं आत्याला काखेत हात घालून वर नेलं. हुरिया थडग्यापाशी उभी राहिली, मोठ्यानं रडली नाही. आमच्याकडच्या बायका अशा वेळी गळा काढतात. ती नुसती उभी राहिली आणि दगडावरचं शेवाळ नखानं काढत बसली. बाहेर पडताना फाटकाशी ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्यानं दोघींनी हात धुतले. तशा त्या पावसानं आधीच निथळत होत्या.

घरी पिरिपीनं पाला घालून डुकराच्या हाडांचं कालवण शिजवलं होतं. बहीण आत आली तेव्हा तो उठून उभा राहिला. दोघांनी नाकं लावली, पटकन, ओळखीपाळखीच्या माणसांसारखी.

"पाला जास्त शिजवलास," हुरिया पहिला घास खाऊन म्हणाली.

"मला असाच लागतो."

"आईला नाही चालायचा."

बस, एवढंच बोलणं. जेवण झाल्यावर तिनं भांडी घासली, पिरिपीनं ती पुसली. नायो सांगते की दोघं शेजारी उभे होते आणि एकाचं कोपर दुसऱ्याला लागू नये म्हणून अंग आखडून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय अडकली. वरच्या ओघळीत माती सरकली होती आणि एक गाभण गाय त्यात पोटापर्यंत रुतली होती. पिरिपी आणि नायो दोर, फावडी, फळ्या घेऊन निघाले. दोन्ही कुत्री पुढं. हुरियानं न विचारता पिरिपीचे जुने गमबूट पायात घातले.

"तू कुठं?" तो म्हणाला.

"तिघांनी ओढलं तर बरं."

"तुझं वय काय."

"तुझ्यापेक्षा जास्त. चल."

गाय ओरडत नव्हती. नाकातून वाफ सोडत होती, एवढंच. नायोनं पोटाखालची माती उपसायला घेतली. एक फावडं काढलं की दोन फावडी माती आत यायची. पिरिपी पालथा पडून गाईच्या पुढच्या पायांमागून पट्टा घालत होता. गाल चिखलात, हात खांद्यापर्यंत आत. पट्टा पलीकडून हुरियाच्या हाताला लागला. दोर बाइकला बांधला. नायोनं बाइक हळू पुढं घेतली. चाकं फिरली आणि जागेवरच खड्डा पडला. मग तिघांनी हातानं ओढलं. पिरिपीच्या खांद्यात काहीतरी सटकलं. त्यानं दोर डाव्या हातात घेतला.

दुपार कलली. गाईनं मान चिखलावर टाकली. डोळा उघडाच होता, त्यावर पाऊस पडत होता आणि पापणी हलत नव्हती.

"बाबा," नायो म्हणाली.

"बघतोय मी."

"बाबा, ती गेली आहे. नुसती मरायची राहिलीय."

पिरिपी उठला. बंदूक पिकअपमध्ये होती. तो आणायला खाली गेला आणि परत येईपर्यंत हुरिया गाईच्या कपाळावर हात ठेवून उभी होती. त्यानं तिला बाजूला व्हायला सांगितलं. बाराचा आवाज डोंगरात फिरून आला. कुत्री खाली बसली.

नायोनं पट्टा काढून घेतला. पट्टे महाग असतात. चिखलात हात घालून तो सोडवायला तिला बराच वेळ लागला. त्या वेळात गाईचं पोट एकदा हललं, आतून. हुरियानं ते बघितलं. पिरिपीनंही बघितलं.

मधे पावसानं उसंत घेतली. एक-दोन दिवस थंडी पडली, सकाळी गवतावर पांढरं दिसायला लागलं. रस्त्याची एक बाजू मोकळी झाली. त्याच दिवसांत जमीन न्यायालयाची शहरात बैठक होती. पिरिपीनं इस्त्रीचा शर्ट घातला. खांदा वर होत नव्हता, म्हणून नायोनं बाही चढवून दिली. तिघं पिकअपच्या पुढच्या बाकावर दाटीनं बसले.

न्यायालय म्हणजे एक साधी खोली. खुर्च्या, पाण्याचा जग, भिंतीला हीटर. बाकी लोकही आमच्यासारखेच, कुणी आजीचा हिस्सा घ्यायला आलेले, कुणी भांडायला. जज्जबाईंनी आईचं नाव वाचलं तेव्हा पिरिपी आणि हुरिया दोघंही उभे राहिले.

"तुम्ही हुरिया?"

"हो."

"तुम्ही लांबून आलात. तुमची काही हरकत?"

"हरकत कशाला. आमचीच आई ती."

"हिस्सा दोघांत सारखा जाईल. चालेल?"

पिरिपीला वाटलं होतं ती म्हणेल, सगळा त्याच्या नावावर करा, तोच राबतो तिथं. रोंगोलाही तसंच वाटलं होतं. इतर घरांत असं होतं कधीकधी. बाहेर गेलेलं माणूस आपला भाग घरच्याला सोडून देतं.

"सारखा," हुरिया म्हणाली.

जज्जबाईंनी पिरिपीकडे बघितलं. त्यानं मान हलवली. आईचं नाव खोडायला चहा निवण्याएवढाही वेळ लागला नाही. जिन्यावरून उतरताना नायो मागं होती. ती म्हणते, बाबा एकेक पायरी कठड्याला धरून उतरत होते, जसा काही खांदा नाही, पाय दुखावलाय.

परतीच्या वाटेवर पुन्हा भुरभुर लागली. वायपर फिरत होते.

"पिरी," हुरिया समोर बघतच म्हणाली, "आईला ठेवलं त्या दिवशी किती पाऊस होता?"

त्यानं गिअर बदलला. पुढं दरडीपाशी लाल झेंडा दाखवणारा माणूस उभा होता. गाडी थांबली.

"त्या दिवशी नव्हता," तो म्हणाला. "आभाळ नुसतं भरलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला."

"म्हणजे मी जेवणापर्यंत आले होते."

"हो."

"म्हणजे थांबला असतास तर झालं असतं."

"झालं असतं."

झेंडेवाल्यानं हिरवा दाखवला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा पिरिपीनं क्लच सोडला. हुरियानं रुमाल काढला, चष्मा पुसला आणि परत घातला. मधे बसलेली नायो गुडघ्यांवरचे हात बघत राहिली.

महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात खरा पाऊस आला. मातारिकी, म्हणजे कृत्तिका, पहाटे उगवायचे दिवस ते. वर्षभरात गेलेल्यांची नावं घ्यायची, त्यांना आठवायचं. या साली कुणालाच त्या दिसल्या नाहीत. रेडिओवर बाई सारखी सांगत होती, किनाऱ्यावरच्या लोकांनी घर सोडायची तयारी ठेवा. नदी पिवळी होऊन चढली. त्यात ओंडके वाहत होते, वरच्या अंगाला पूर्वी तोडलेल्या पाइनचे.

पिरिपी खिडकीशी उभा राहून म्हणाला, "बघ. हे लावायचंय त्यांना आमच्या डोक्यावर. खाली पुळणीवर जाऊन बघ, वाळू दिसत नाही."

"ही तोडायची नाहीत म्हणतात," हुरिया म्हणाली. "नुसती उभी ठेवायची, त्यांनी हवेतून ओढलेल्या कार्बनचे पैसे घ्यायचे."

"म्हणतात."

सकाळी गाई वरच्या कुंपणातून खालच्या कुरणात आणायच्या होत्या. पिरिपीच्या हाताला बाइक पेलत नव्हती. नायो एकटी निघाली. जिप आणि मो, दोन्ही कुत्री तिच्या मागं. जिप मुकी, वळसा घालून गाईंसमोर जाऊन बसणारी. मो मागून भुंकून रेटणारा. ओट्यावरून ढगांच्या फटीतून डोंगराचा एक तुकडा दिसत होता, त्यात नायोचा पिवळा रेनकोट. गाई ओळीनं खाली उतरायला लागल्या. शेवटच्या गाईमागं नायो.

आधी आवाज नाही झाला. हुरिया म्हणते, डोंगराला सुरकुती पडली. कुंपणाचे खांब एकेक करून वाकले, जसं कुणी हात फिरवत जावं. मग मातीचा मोठा पट्टा आहे तसा, उभ्या गवतासकट, खाली सरकला, आणि मग आवाज आला. पाण्याची टाकी, तारा, वाट, सगळं त्यात गेलं. पिवळा रेनकोट दिसेना.

पिरिपी ओट्यावरून खाली उतरला आणि चालायला लागला. धावला नाही. त्याचं तोंड उघडं होतं. हुरिया मागून त्याला हाका मारत होती, तो ऐकत नव्हता. चिखलात बूट रुतला तो तिथंच सोडून नुसत्या मोज्यानं तो चढत राहिला.

नायो डोंगराच्या सोंडेच्या पलीकडच्या बाजूनं खाली आली. बाइक गेली होती. नायो उडी मारून बाजूला पडली होती. मो लंगडत होता. गाई वाचल्या होत्या, एका जागी गोळा होऊन उभ्या होत्या.

"बाइक गेली, बाबा," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते.

पिरिपीनं तिच्या रेनकोटवरचा चिखल हातानं पुसायला सुरुवात केली. पुसतच राहिला. खांदे, बाह्या, पाठ. शेवटी नायोनंच त्याचा हात धरला.

"घरी चला. तुमच्या पायात बूट नाही."

हुरियानं तिला गरम पाण्यात बसवलं. डोकं धुतलं, तिच्या केसांतून खडे काढले. बाहेर पिरिपी शेगडीसमोर बसला होता. हुरिया बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं वर बघितलं नाही. मग तिनं शेगडीत लाकूड टाकलं आणि आत गेली.

शनिवारी मराएवर माणसं जमली. रस्ता अर्धाच चालू, तरी आली. स्वयंपाकघरात बायकांनी मटण शिजत ठेवलं होतं, पत्र्याच्या मोठ्या डब्यांत बटाटे. भिंतीवर पडदा लावून त्यावर ऑस्ट्रेलियातल्या लोकांची तोंडं दिसत होती. एक पोरगा तिकडं उन्हात बनियनवर बसला होता.

"तिकडं ऊन आहे का रे?" कुणीतरी विचारलं.

"हो, काका. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं डोंगर चालायला लागलेत. तुझ्या हिश्श्यातला बराचसा समुद्रात गेला, तेवढं मताचं वजन कमी करून घे."

लोक हसले. रोंगोनं प्रार्थना म्हटली आणि सभा सुरू केली. कंपनीचं काय म्हणणं ते वाचून दाखवलं. मग म्हणाला, "पिरिपी, बोल."

पिरिपी उभा राहिला. हात खिशात, दुखरा खांदा खाली.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "गाई आहेत. पोरगी आहे, तिला राहायचंय इथं. तिच्या नावावर काही नाही कारण मी जिवंत आहे. बापानं वर खांब ठोकले. मी ठोकले. ते गेले या पावसात, परत ठोकू. एवढंच."

तो बसला. नायो दाराशी उभी होती. तिला मत नव्हतं.

मतं घेतली. पडद्यावरचे हात वर झाले, खाली झाले. रोंगो आकडे मांडत होता. अंतर फार नव्हतं. शेवटी रोंगोनं नाव घेतलं, "हुरिया."

हुरिया पिरिपीच्या शेजारीच बसली होती. ती उठली.

"झाडांना," ती म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "फेडलं बाईनं."

हुरियानं वळून बघितलं. "कोण बोललं? पुढं येऊन बोल."

कुणी आलं नाही.

"आईच्या मातीला मी पोचले नाही, त्याचं मला जे वाटायचं ते वाटलं," ती म्हणाली. "ते आज नाही काढलं. मी त्या दिवशी ओट्यावर होते. नायो दिसेना तेवढा वेळ माझा हा भाऊ एका बुटानं डोंगर चढत होता. त्याचं तोंड मी बघितलं. तुम्ही कुणी नाही बघितलं. पुढच्या पावसाला ते तोंड मला बघायचं नाही. झाडं वाईट आहेत, मला ठाऊक आहे. पण झाडांमागं पोरीला बाइक घेऊन जावं लागत नाही."

ती बसली. पिरिपी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होता. रोंगोनं पुढचं नाव घेतलं, आणि त्याच्या पुढचं. खंड झाडांना गेला.

मग जेवण झालं. पिरिपीनं ताट घेतलं, मटण घेतलं, बटाटे घेतले आणि सगळं खाल्लं. लोक येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून जात होते. तो दर वेळी मान हलवायचा. कंपनीच्या बाजूनं मत दिलेला त्याचा एक लांबच्या नात्यातला भाचा समोर येऊन बसला आणि म्हणाला, "मामा, वाईट वाटून घेऊ नका." पिरिपी म्हणाला, "मीठ दे इकडचं."

घरी जाताना नायो आत्याशी बोलली नाही. रात्री आत्याचं अंथरूण मात्र तिनंच घातलं.

गाई विकायच्या ठरल्या. गाभण गाईंना पावसात गिऱ्हाईक बरं मिळत नाही, पण ठेवायच्या कुठं? महिना संपता संपता आभाळ एकदम निवळलं. असं ऊन की डोळे दुखावेत. सगळा डोंगर वाफाळत होता, त्यावर तपकिरी ओरखडेच ओरखडे. ट्रक दरडीपाशी उभा केला होता, अलीकडे येत नव्हता. तिथपर्यंत गाई रस्त्यानं हाकत न्यायच्या होत्या.

नायो पुढं, पिरिपी मागं काठी घेऊन. हुरिया मधल्या फाटकाशी उभी, गाई बाजूच्या शेतात वळू नयेत म्हणून. हात पसरून ती "हो, हो" करत होती. एक म्हातारी गाय तिच्यासमोर येऊन थांबली आणि हलेना.

"घाबरू नकोस, तिला ढकल," पिरिपी लांबून म्हणाला. सभेपासून तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलला.

"नाव काय हिचं?"

"गाईंना नावं नसतात."

"आहे, आत्या," नायो पुढून ओरडली. "बाबा तिला पोलीस म्हणतात. कायम आडवी उभी असते."

हुरियानं पोलिसाच्या ढुंगणावर थाप मारली. गाय चालायला लागली. पिरिपी जवळून गेला तेव्हा त्याचा ओठ किंचित हलला, असं हुरियाला वाटलं. कदाचित उन्हानं असेल.

ट्रकच्या फळीवर गाईंच्या खुरांचा आवाज झाला, फाटक लागलं, खिटी बसली. ड्रायव्हरनं सही घेतली. ट्रक वळणावरून गेल्यावरही वास बराच वेळ रस्त्यावर राहिला. तिघं चालत परत आले. खांदा दुखत होता म्हणून पिरिपीनं काठी हुरियाकडे दिली. तिनं ती घेतली.

तिचं विमान परवाचं होतं. तिनं ते पुढं ढकललं. खांदा बांधायला कुणीतरी लागतं, एवढंच ती नायोला म्हणाली.

सकाळी पिरिपी नेहमीच्या वेळेला उठला. गमबूट घातले. कुत्र्यांची साखळी सोडली आणि मागच्या फाटकापाशी गेला. गवतावर दहिवर गोठलं होतं. फाटक उघडलं तेव्हा त्याला कळलं की उघडायची गरज नव्हती. जिप आणि मो त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली, कान टवकारून, त्याच्या तोंडाकडे बघत. शीळ येईना तेव्हा जिप अस्वस्थ झाली, पुढचे पाय उचलून ठेवायला लागली.

त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली.

कुत्री सुटली. जिप डावीकडून मोठा वळसा घालत वर गेली, मो भुंकत सरळ. फुटलेल्या कुंपणावरून, दरडीच्या कडेनं, ओघळीतून, पार वरपर्यंत. तिथं थांबली. इकडे तिकडे धावली. परत थांबून खाली त्याच्याकडे बघायला लागली. मोचं भुंकणं लांबून येत होतं.

हुरिया चहाचा कप घेऊन मागं येऊन उभी राहिली.

"कशाला पाठवलंस त्यांना?" ती म्हणाली.

"बघत होती माझ्याकडे."

त्यानं कप घेतला. परत बोलवायची शीळ वेगळी असते. ती त्यानं घातली नाही. वर दोन्ही कुत्री सोंडेच्या पलीकडे शोधायला गेली आणि दिसेनाशी झाली. दोघं भावंडं फाटकात उभी राहून त्यांची वाट बघत राहिली.